परसांतील गवती चहा

आषाढ-श्रावणांत पावसाची झड लागली, घरांतील दोन-चार मुलें शिंकूं लागलीं आणि म्हाताऱ्या माणसांचे सांधे धरूं लागले, म्हणजे वडील बाईच्या तोंडचें वाक्य ठरलेलें असतें: "बाळ, परसांतून गवती चहाच्या चार पाती घेऊन ये पाहूं." मुलगा भिजत जातो, हाताला एखादा ओरखडा काढून घेऊन परत येतो, आणि थोड्याच वेळांत माजघरापासून ओटीपर्यंत लिंबासारखा वास दरवळूं लागतो. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या पुष्कळांच्या मनांत पावसाळा आणि हा वास हीं दोन्ही अशीं जोडलेलीं असतात कीं, एकाची आठवण निघाली म्हणजे दुसऱ्याची निघतेच.

परंतु नित्य परिचयाच्या वस्तूविषयीं आपलें ज्ञान बहुधा थोडें असतें. गवती चहाच्या बाबतींत घराघरांत दोन तऱ्हा दिसतात. कोणी त्याला मोरीच्या पाण्यावर वाढणारें फुकटचें गवत समजून त्याच्याकडे ढुंकूनहि पाहत नाहीं. तर कोणी त्याला सर्व तापांवरचें हुकमी औषध समजून त्याच्यावर नको इतका भरंवसा टाकतो. पहिल्या चुकीनें एक चांगली वस्तु वायां जाते. दुसरीनें मात्र कधीं कधीं जिवावर बेततें. म्हणून हें गवत आहे काय, तें आपल्यासाठीं काय करूं शकतें आणि काय करूं शकत नाहीं, याचा थोडा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

नांवांत चहा असला तरी चहाच्या झुडपाशीं याचें कांहींएक नातें नाहीं. गवती चहा हा ऊंस, जोंधळा आणि मका यांचा भाऊबंद, म्हणजे तृणकुळांतला. चहांत असलेलें कॅफीन हें उत्तेजक द्रव्य त्यांत नसतें. त्यामुळें चहाची पूड न घालतां नुसत्या पातीचें केलेलें पेय रात्रीं निजतांना घेतलें तरी त्यानें झोप उडत नाहीं. वनस्पतिशास्त्रांत याला सिंबोपोगॉन सिट्राटस असें म्हणतात. ग्रीक भाषेंत सिंबे म्हणजे होडी आणि पोगॉन म्हणजे दाढी. या वंशांतील गवतांच्या तुऱ्यांना होडीच्या आकाराचीं वेष्टणें व दाढीसारखी लव असते, त्यावरून हें नांव पडलें. आपल्या परसांतील चहाला मात्र असा तुरा क्वचितच येतो, म्हणून बीं पेरून तो होत नाहीं. बेट फोडून त्याचे ठोंब लावावे लागतात. रानांत आपोआप उगवलेला असाहि तो सहसा आढळत नाहीं. शेजारणीनें शेजारणीला आणि माहेरानें सासरला दिलेल्या ठोंबांनींच तो गांवोगांव पसरला आहे.

त्याचीं निरनिराळ्या प्रांतांतील नांवेंहि मोठीं बोलकीं आहेत. गुजरातेंत तो 'लीली चा' म्हणजे हिरवा चहा होतो. कानडींत त्याला 'मज्जिगे हुल्लु' म्हणतात. मज्जिगे म्हणजे ताक आणि हुल्लु म्हणजे गवत. ताकाला वास लावण्यासाठीं त्याचा उपयोग होतो हें त्या नांवावरूनच कळतें. दूर वेस्ट इंडीज बेटांत तर त्याचें नांवच 'तापाचें गवत' असें आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील २७ व्या अध्यायांत 'भूस्तृण' नांवाची वनस्पति सांगितली आहे. ती हीच असें पुष्कळ वैद्य मानतात. तो अध्याय अन्नपानाचा असून भूस्तृणाची गणना तेथें आलें, मुळा, तुळस यांच्याबरोबर हरितवर्गांत केली आहे, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. म्हणजे जेवणाला रुचि आणणाऱ्या हिरव्या वस्तूंच्या पंक्तींत चरकानें तिला बसविलें आहे.

आतां त्याच्या वासाकडे वळूं. पात चुरगळली म्हणजे जो वास येतो तो तिच्यांतील उडून जाणाऱ्या तेलाचा होय. ताज्या पातींत हें तेल फार थोडें असतें. शंभर भाग पातींत साधारणपणें एक पंचमांश ते अर्धा भाग. म्हणजे एक किलो हिरव्या पातींतून दोनपासून पांच ग्रॅमपर्यंत तेल निघतें. या तेलांत शेंकडा ७० ते ८० भाग सिट्राल नांवाचें द्रव्य असतें. हेंच द्रव्य लिंबाच्या सालींतहि थोड्या प्रमाणांत असतें, आणि म्हणूनच गवताला लिंबाचा वास येतो.

हें तेल काढतात तें कसें, हें कळलें म्हणजे आपण स्वयंपाकघरांत करतों ती चूक सहज ध्यानांत येते. तेल काढणारे लोक मोठ्या बंद भांड्यांत पात ठासून भरतात आणि तिच्यांतून पाण्याची वाफ सोडतात. वाफेबरोबर तेल उडून निघतें. ती वाफ नळींतून नेऊन थंड केली म्हणजे खालच्या भांड्यांत पाण्यावर तेलाची सायीसारखी पातळ तवंग धरते. आपण उघड्या पातेल्यांत पात घालून ती पाव-पाव तास खळखळ उकळतों, तेव्हां नकळत हेंच करीत असतों. फरक इतकाच कीं, आपली वाफ कोणी धरून ठेवीत नाहीं. घरभर वास सुटला म्हणजे चहा उत्तम झाला असें आपण समजतों. पण जो वास ओटीवर पोहोंचला तो पेल्यांतून गेलेला असतो.

यासाठीं रीत थोडी बदलावी. एका पेल्याला दोन-तीन हिरव्या पाती, म्हणजे सुमारें ५ ग्रॅम, पुरे होतात. पात प्रथम स्वच्छ धुवावी. नंतर तिचे कात्रीनें बोटबोट लांबीचे तुकडे करावे, किंवा सगळी पात गुंडाळून तिची गांठ मारावी. गांठ मारल्यानें गाळणें सोपें जातें आणि पातीचा धारदार तुकडा मुलाच्या घशांत जाण्याची भीति राहत नाहीं. आलें घालावयाचें असेल तर तें ठेचून पाण्यांत आधीं उकळूं द्यावें, कारण त्याचा तिखटपणा उतरण्यास वेळ लागतो. पाण्याला आधण आलें, आलें उकळलें, म्हणजे पात घालावी, लगेच भांडें खालीं उतरावें आणि वर झांकण ठेवून पांच-सात मिनिटें स्वस्थ बसावें. झांकणाच्या आंतल्या बाजूस जे थेंब जमतात ते पुन्हां पातेल्यांतच पाडावे. गूळ किंवा साखर मागाहून घालावी. दूध हवें असल्यास तें निराळें तापवून वरून ओतावें. नेहमींच्या चहांत पात घालतांनाहि हाच नियम पाळावा. चहाची पूड आणि पात दोन्ही एकदम, शेवटीं घालून झांकून ठेवलीं म्हणजे झालें.

पेयाखेरीज दुसरे उपयोगहि थोडे नाहींत. उन्हाळ्यांत ताकाच्या तांब्यांत एका पातीची गांठ अर्धा तास सोडून ठेवावी व वाढतांना काढून घ्यावी. ताकाला निराळीच रुचि येते. भात शिजतांना पातीची एक गांठ घातली तर भाताला मंद वास लागतो. आपण पात वापरतों आणि बुडखा टाकून देतों. थायलंड, व्हिएटनाम, जावा येथील लोक याच्या उलट करतात. बुडाचा पांढरा, गाभ्याचा भाग ठेंचून ते रश्श्यांत व सारांत घालतात, आणि त्यांच्या स्वयंपाकांत त्याला आपल्या कढीलिंबाइतकें महत्त्व आहे. बेट फोडतांना निघालेले बुडखे आपणहि नारळाच्या दुधांतील एखाद्या भाजीला लावून पाहण्यास हरकत नाहीं; वाढण्यापूर्वीं मात्र ते काढून टाकावे, कारण ते चावत नाहींत. वाफारा घेण्याच्या पाण्यांत आणि स्नानाच्या पाण्यांतहि पात घालण्याची चाल आहे. तिनें नाक मोकळें झाल्यासारखें वाटतें आणि शीण हलका होतो. मुलांना वाफारा देतांना कढत पाण्याचें भांडें कलंडणार नाहीं एवढी काळजी मात्र मोठ्या माणसानें जवळ बसून घेतली पाहिजे. पावसाळ्यांत पात भरपूर असते तेव्हां ती सावलींत वाळवून घट्ट झांकणाच्या डब्यांत भरून ठेवावी. उन्हांत वाळविली तर रंगहि जातो आणि वासहि जातो.

या गवताचीं चुलत भावंडें आपल्या महाराष्ट्रांत फार दिवसांपासून नांदत आहेत. खानदेशांतील डोंगरांत होणारें रोशा गवत त्यांतलेंच. नंदुरबार आणि पिंपळनेर या बाजूला एकोणिसाव्या शतकांत त्याच्या भट्ट्या लागत. त्या तेलाला गुलाबासारखा वास असतो, म्हणून तें मुंबई बंदरांतून तुर्कस्थानाकडे जाई आणि तेथें गुलाबाच्या अत्तरांत मिसळलें जाई. सिट्रोनेला हें दुसरें भावंड सिलोन आणि जावा येथलें. डांस हांकण्यासाठीं जें तेल अंगाला लावतात तें बहुधा याचें. त्याचा परिणाम फार वेळ टिकत नाहीं, तेव्हां त्याच्या भरंवशावर मच्छरदाणी सोडूं नये. या साऱ्या गवतांच्या ओळखींत पूर्वीं फार घोटाळा होता. इंग्लंडांतील क्यू येथील वनस्पतिशास्त्रज्ञ ऑटो स्टाफ यांनीं १९०६ सालीं हिंदुस्थान व सिलोनमधील तेल देणाऱ्या गवतांवर निबंध लिहून त्यांची नीट वर्गवारी लावली.

व्यापारासाठीं जें तेल निघे तें मुख्यतः गवती चहाच्या मलबारी जातीचें. तें कोचीन बंदरांतून परदेशीं जाई, म्हणून त्याला कोचीन तेल असें नांव पडलें. १८९३ सालीं जर्मनींत टीमान आणि क्रूगर या दोघा रसायनशास्त्रज्ञांनीं सिट्रालपासून आयोनोन नांवाचें द्रव्य तयार केलें. त्याचा वास व्हायोलेटच्या फुलांसारखा असल्यामुळें सुगंधी साबू आणि अत्तरें करणाऱ्यांना मलबारच्या गवताची गरज लागूं लागली. पुढें १९४७ सालीं स्वित्झर्लंडांतील बाझेल येथें ओटो इस्लर व त्यांचे सहकारी यांनीं आयोनोनपासूनच अ जीवनसत्त्व बनवून दाखविलें. तोंपर्यंत या जीवनसत्त्वासाठीं माशांच्या यकृताचें तेल हें मोठें साधन होतें, आणि शाकाहारी घरांत मुलांना तें पाजतांना काय मनधरणी करावी लागे हें जुन्या माणसांना ठाऊक आहे. परंतु यावरून गवती चहा प्याल्यानें अ जीवनसत्त्व मिळतें असें कोणी समजूं नये. तें रूपांतर कारखान्यांत होतें, पोटांत होत नाहीं. केरळांत ओडक्कली येथें १९५१ सालीं या गवतासाठीं स्वतंत्र संशोधनकेंद्र निघालें. मागाहून टर्पेंटाइन आणि खनिज तेलांतील द्रव्यें यांपासून सिट्राल बनूं लागलें व गवताचें पूर्वींचें वर्चस्व गेलें. तरी त्याच्या तेलाला मागणी अजून आहेच.

येथपर्यंत गुण सांगितले. आतां मर्यादा सांगितली पाहिजे. आमच्याच घरांतील एक गोष्ट सांगतों. एका पावसाळ्यांत पुतण्याला हिंव भरून ताप आला. घरांत चार वडील माणसें. प्रत्येकाचा अनुभव दांडगा. गवती चहा, आलें आणि तुळस यांचा काढा झाला, पांघरुणें घातलीं, दोन तासांत दरदरून घाम सुटला आणि ताप उतरला. "पाहिलंस ना? काढ्यानं ताप पळाला," असें काकू म्हणाल्या आणि तें सर्वांना पटलें. दुसरा दिवस बरा गेला. तिसऱ्या दिवशीं पुन्हां हिंव, पुन्हां ताप, पुन्हां काढा आणि पुन्हां घाम. पांचव्या दिवशीं मुलाचे डोळे खोल गेलेले पाहून त्याच्या आईनें कोणाचें न ऐकतां डॉक्टरांना बोलाविलें. रक्त तपासलें तों हिंवताप निघाला. मुलगा औषधानें बरा झाला. पण ते पांच दिवस आम्हांला विसरतां येत नाहींत.

चूक कोठें झाली तें नीट समजून घेतलें पाहिजे, कारण काकूंनीं जें पाहिलें तें खोटें नव्हतें. हिंवतापाची रीतच अशी कीं, प्रथम थंडी वाजते, मग ताप चढतो, आणि कांहीं तासांनीं घाम येऊन तो आपोआप उतरतो. त्याच्या नेहमींच्या एका प्रकारांत मधला एक दिवस बरा जाऊन तिसऱ्या दिवशीं हीच पाळी पुन्हां येते. काढा दिला काय आणि न दिला काय, घाम येणारच होता. काढ्याची वेळ आणि उताराची वेळ जुळली, म्हणून यश काढ्याच्या पदरीं पडलें. डेंग्यूच्या तापांत तर याहून वाईट गोष्ट आहे. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास ताप उतरूं लागतो, आणि कित्येक रोग्यांच्या बाबतींत खरा धोका तेव्हांच सुरू होतो. अशा वेळीं "उतरला एकदांचा" म्हणून घरच्या माणसांनीं निर्धास्त होणें किती घातक, हें सांगावयास नको.

सिट्रालनें बुरशी व कांहीं जंतु यांची वाढ रोखली जाते असें प्रयोगशाळेंत दिसून आलें आहे. परंतु कांचेच्या बशींत जें घडतें तें एक पेला चहा प्याल्यानें शरीरांत घडेलच असें नाहीं. ब्राझील देशांत या गवताचा चहा मन शांत करणारा व झोप आणणारा म्हणून फार प्रसिद्ध आहे. १९८६ सालीं तेथील संशोधकांनीं याची परीक्षा केली. कांहीं माणसांना हा चहा दिला आणि तुलनेसाठीं गुण नसलेलें दुसरें पेय दिलें. झोपेंत वा मनाच्या अस्वस्थतेंत दोहोंमुळें पडलेला फरक सारखाच निघाला. मात्र चहानें कोणाला अपाय झाल्याचेंहि आढळलें नाहीं. आपल्या घरांतील वापराला हा निर्णय बराच लागू पडतो. सर्दी-पडशांत कढत पेयानें घसा शेकतो, नाक सुटतें, अंगांत पाणी जातें आणि आजाऱ्याला कोणी आपली विचारपूस करीत आहे असें वाटतें. एवढें काम हें गवत उत्तम करतें, आणि तें काम लहान नव्हे. म्हणून ताप आलेल्या माणसाला गवती चहा अवश्य द्यावा. पण हिंव भरून ताप आला, किंवा साधा ताप दोन दिवसांहून अधिक राहिला, तर पेला हातांत देऊन त्याच दिवशीं डॉक्टरांकडे न्यावें व रक्त तपासून घ्यावें.

अलीकडे गवती चहाचें तेल लहान बाटल्यांतून विकत मिळतें आणि तें पाण्यांत थेंब-थेंब घालून प्यावें असा सल्ला देणारेहि भेटतात. त्यांना थोडा हिशोब दाखवावा. एका पेल्याच्या ५ ग्रॅम पातींत सारें मिळून १० ते २५ मिलिग्रॅम तेल असतें, आणि त्यांतलेंहि थोडेंच पेल्यांत उतरतें. बाटलींतील एका थेंबाचें वजन सुमारें ३० ते ४० मिलिग्रॅम भरतें. चहाचा लहान चमचाभर तेल म्हणजे एक ते दोन किलो पातीचा अर्क झाला. इतकी पात कोणी एका बैठकींत कधीं प्याला आहे काय? असें तेल पोटांत घेऊं नये, नुसतें कातडीला लावूं नये आणि मुलांच्या हाताला लागेल असें ठेवूं नये. गरोदर बायकांनीं दाट काढाहि टाळावा. वैद्याला किंवा डॉक्टरला विचारल्याशिवाय तो घेऊं नये.

लागवडीविषयीं दोन शब्द सांगून हा लेख पुरा करतों. मृगाचा पाऊस पडला म्हणजे जुनें बेट खणून काढावें आणि मुळ्यांसकट दोन-दोन, तीन-तीन काड्यांचे ठोंब करावे. वरची पात छाटून ते हात-दीड हात अंतरावर लावावे. ऊन मिळालें व पाणी सांचून राहिलें नाहीं तर दुसरी मशागत फारशी लागत नाहीं. गच्चीवरच्या मोठ्या कुंडींतहि तो चांगला येतो. तीन-चार महिन्यांनीं पात कापण्याजोगी होते. जमिनीपासून वीतभर उंची राखून कापावें, म्हणजे पुन्हां फुटवा येतो. चार-पांच वर्षांनीं बेट गच्च होऊन पात बारीक येऊं लागली, कीं तें फोडून नवें लावावें. पूर्वींच्या मोऱ्यांतून शिकेकाईचें व तांदूळ धुतल्याचें पाणी वाहत असे. आज साबणाच्या भुकट्यांचें वाहतें. म्हणून मोरीच्या तोंडाशीं लावलेला चहा तेथून हलविणें बरें. या गवताच्या वासानें साप येत नाहीं हा समज सोडून द्यावा. कोणत्याहि दाट बेटाप्रमाणें याचेंहि बूड नेहमीं मोकळें व साफ ठेवावें, आणि मुलाला पात आणावयास अंधारांत पाठवूं नये.

बेट फोडलें म्हणजे ठोंब नेहमींच गरजेपेक्षां अधिक निघतात. ते फेंकून न देतां नव्यानें संसार मांडलेल्या लेकीला, सुनेला किंवा शेजारच्या बिऱ्हाडांत द्यावे. देतांना पात झांकून ठेवण्याची रीत सांगावी, आणि दोन दिवसांवर ताप राहिला तर काढ्याच्या भरंवशावर बसूं नका, रक्त तपासा, हेंहि त्याच वेळीं सांगावें.